कोहळ्यावरील छेद आणि यंत्रातील रुग्ण

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात शिष्याच्या हाती शस्त्र दिले, ते थेट रुग्णावर चालविण्यासाठी नव्हे. छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या, काकडी यांवर. भेदनाचा पाणी व चिखलाने भरलेल्या चामडी पिशवीवर. बंधनाचा मनुष्याकृती पुतळ्यावर, असा तो योग्येचा क्रम आहे. प्रश्नपरीक्षेला मात्र असा कोहळा आजवर लाभला नव्हता. आमचा विद्यार्थी प्रश्न विचारावयास शिकतो तो बाह्यरुग्ण विभागातील दुखणाइतावरच, आणि तेही मागे रांग तिष्ठत असताना.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि पुढील वर्षी त्यास हवे ते पात्र नेमून देण्याची सोयही झाली. संगणकाची भाषा न जाणणारा अध्यापकसुद्धा साध्या मराठीत सूचना लिहून असा संवादक घडवू शकतो. अशा वेळी पहिला मोह होतो तो ‘चरकाचार्य’ घडविण्याचा. त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. हे यंत्र शब्दापुढे संभाव्य शब्द जुळवीत जाते. ग्रंथात नसलेला श्लोक स्थान-अध्यायासह सांगतानाही त्याचा स्वर तितकाच निःशंक असतो. आप्तोपदेश प्रमाण मानणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आप्ताचा मुखवटा चढविलेले यंत्र बसविणे हे अपथ्यच होय.

घडवावा तो रुग्ण. समजा, आमवाताची पन्नाशीची शेतकरी स्त्री. तिने रोगाचे नाव कदापि उच्चारू नये. “सकाळी अंग आखडतं, बोटं मिटत नाहीत,” एवढेच आपण होऊन सांगावे. तोंडाची चव, जडपणा, अंगातील कणकण हे विचारल्यावाचून सांगू नये. पोटभर तेलकट जेवण करून लगेच खुरपणीस जाण्याची तिची सवय तर दिनचर्या नेमकी विचारणाऱ्यालाच कळावी. आणि “भूक लागत नाही ना?” असे कोणी सुचविलेच, तर तिने मुकाट्याने “नाही” म्हणावे, खरे रुग्णही वैद्याचे मन राखण्यासाठी तसेच म्हणतात! ही शेवटची सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. उत्तर तोंडात घालणारा प्रश्न निदान कसे बिघडवितो, हे त्यातून विद्यार्थ्यास दिसते. झालेला संवाद मग वर्गात वाचावा आणि संधाय संभाषेच्या रीतीने त्यावर चर्चा व्हावी. पात्र अध्यापकाने स्वतःच्या अनुभवातून लिहावे. मात्र कोणाचे केसपेपर जसेच्या तसे यंत्रास देऊ नयेत.

नाडी, जिह्वा, स्पर्श यांपैकी काहीही येथे नाही. आमची खरी धास्ती निराळी आहे. रुग्णसंख्या रोडावलेल्या महाविद्यालयांना हा यंत्रातील रुग्ण फार सोयीचा वाटेल. म्हणून यंत्रापुढील तास रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणात धरले जाऊ नयेत, अशी लेखी मागणी आपल्या संघटनेने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे व भारतीय चिकित्सा पद्धतीच्या राष्ट्रीय आयोगाकडे आताच करावी.