चप्पल उचलण्याआधी पाय मोजा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेला असाल, तर वाटेत वेटोळं करून पडलेली वाणी पाहिलीच असेल. काही गावांत तिला पैसा म्हणतात. पोर विचारतं, "आबा, हिला हजार पाय असतात का हो?" आबा "असतील" म्हणून पुढं चालू लागतात. मंडळी, आज आपण खरंच मोजू या.

पावसाळ्यात खाचरात, बांधावर, परसात निघणारे बरेचसे जीव दोन घराण्यांतले. पहिलं वलयी. अंग कड्याकड्यांचं, पण पाय नाहीत. गांडुळाला शंभराच्या आसपास कडी असतात. फावड्यानं तुकडे झाले की दोन गांडुळं होतात, हा समज मात्र खोटा. जळूच्या अंगावर वळ्या पुष्कळ दिसतात, पण खरी कडी 33. तिच्या लाळेमुळं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही वाहत राहतं. तिला ओढू नका. तोंडाशी नख सरकवून सोडवा, जखम धुवा आणि दाबून धरा.

दुसरं घराणं संधिपादांचं. कडक कवच आणि सांध्यासांध्यांचे पाय. सहा पाय असले की कीटक. आठ असले की कोळी, विंचू, आणि गुरांच्या कानातला मोठा गोचीडसुद्धा! नांग्या धरून खेकड्याचे दहा. वाणीच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, गोमेला एकेक. वाणी बिचारी कुजका पाला खाते, चावत नाही. हाताळली तर हात तेवढे धुवा. गोमेच्या पायांची पहिली जोडी मात्र विषाची नांगी झालेली असते. तिच्यापासून लांबच बरं.

खेकड्यावर आपला राग असतो. आवणी उरकावी आणि यानं बांधाला भोक पाडून पाणी सोडून द्यावं! रश्शात तो गोड लागतो, हेही खरंच. पण धरलात की उलटा करून पाहा. पोटाखालचं झाकण अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मादीच्या त्या झाकणाखाली उबतात आणि पिल्लं खेकड्याच्याच रूपात बाहेर येतात. काही दिवस ती तिथंच आईला बिलगून असतात. अशी मादी सापडली तर ओढ्यात सोडून द्या. पुढच्या सालचा रस्सा तिच्याच पोटाशी आहे.

राहिला विंचू. विंचवाची पिल्लं आईला खातात असं म्हणतात, पण ती फक्त तिच्या पाठीवर बसतात. लाल विंचवाचा डंख लेकराला लागला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डंख लागताच पोराला तडक सरकारी दवाखान्यात न्या. आणि रात्री पायतण घालण्याआधी झटकून घ्या.