बारा लाखांतले पंचाहत्तर हजार

लग्नाच्या बायोडेटात ‘पॅकेज १२ लाख’ असे लिहिलेले असले, की मुलीचे वडील मनातल्या मनात भागाकार करून मोकळे होतात: महिना एक लाख. प्रत्यक्षात त्या मुलाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो तो ७५,३९५ रुपये जमा झाल्याचा. मग घरी नि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच सूर लागतो, सगळा पगार टॅक्समध्येच जातो.

या मुलाच्या बाबतीत तरी प्राप्तिकर खात्यावरचा हा आळ खोटा आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र पगारावर कर शून्य, वर नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट. म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्याचा टीडीएस कापायचे कारण नाही. मग २४,६०५ रुपये गेले कुठे?

उत्तर ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरच्या बारीक तक्त्यात असते. समजा, बेसिक ५० हजार आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ६,००० रुपये, कंपनी भविष्यनिर्वाह निधीत (पीएफ) भरते आणि ते पॅकेजमध्येच धरते. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २,४०५ रुपये, तेही त्यातच. दहा टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे दरमहा दहा हजार. ते वर्षाअखेरीस साहेबांच्या आणि कंपनीच्या मर्जीने मिळणार. उरले ८१,५९५. त्यातून मुलाच्या स्वतःच्या पीएफचे ६,००० कापले जातात आणि व्यवसाय कराचे २००.

म्हणजे सरकारकडे कर म्हणून गेले ते एवढे दोनशेच. फेब्रुवारीत मात्र तीनशे, कारण राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि अकरा महिन्यांचे २,२०० झाल्यावर उरलेले तीनशे या महिन्यात वसूल होतात. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीत शहरातल्या पगारदाराचाही वाटा होता, हे सॅलरी स्लिपवरच्या ‘पीटी’ या दोन अक्षरांवरून कुणाला कळणार?

पीएफचे बारा हजार तर मुलाचेच. कंपनीच्या हिश्श्यातले १,२५० काहींच्या बाबतीत पेन्शन योजनेत वळतात, बाकीच्यावर व्याज चढते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. काही कंपन्या रुजू होतानाच विचारतात, पीएफ पूर्ण बेसिकवर कापायचा की १५ हजारांच्या मर्यादेवर? दुसऱ्या पर्यायात दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० च कापले जातात आणि या मुलाच्या हातात दरमहा ८,४०० जास्त पडतात. घरभाड्याची ओढाताण असलेल्याला हा मोठा आधार आहे, पण म्हातारपणची पुंजी तेवढीच आटते. एवढा मोठा निर्णय पहिल्या दिवशी, ओळखपत्राचा फोटो काढून घेण्याच्या गडबडीत, एका चौकोनात खूण करून उरकला जातो.

खरी खोट पॅकेजसाठी कंपन्या वापरतात त्या ‘सीटीसी’ (कॉस्ट टू कंपनी) या शब्दात आहे. माणूस कंपनीला कितीला पडतो त्याचा तो आकडा आहे, पगाराचा नव्हे. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे सलग पाच वर्षे टिकणाऱ्यालाच मिळते. दोन-अडीच वर्षांत नोकरी बदलणाऱ्याला ती दाखवणे म्हणजे काचेमागचा पेढा दाखवणे. म्हणून ऑफर लेटरच्या पहिल्याच पानावर, पॅकेजइतक्याच ठळक अक्षरांत, ‘दरमहा हातात’ हा आकडा छापण्याची सक्ती हवी. कंपन्यांना त्यात अवघड काहीच नाही; पगाराचे सॉफ्टवेअर तो क्षणात काढून देते.

गृहकर्ज देणारी बँक पॅकेजवर भाळत नाही. ती शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागते. मुलीच्या वडिलांनीही त्याच मागाव्यात.