चित्र कोणाच्या ओळखीचे?

खरिपाचे पीक पावसाने हातचे गेले, त्या दिवसांतील ही गोष्ट. मोताळा तालुक्यातील एक पालक मुलाला भेटण्यासाठी आपल्या वसतिगृहात आले. आडव्या झालेल्या कपाशीची छायाचित्रे त्यांनी मोबाइलमध्ये काढून ठेवली होती आणि ती आता सापडत नव्हती. मुलाने खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला. छायाचित्राच्या खाली एक इवलेसे चित्र होते : वर झाकण, अंगावर उभ्या रेघा. "मले वाटलं, पान्याचा ड्रम हाय. त्याच्यात भरून ठेवाचं असंन," असे ते म्हणाले. एकेक छायाचित्र त्यांनी त्या ड्रममध्ये नीट भरून ठेवले होते. पुसलेली छायाचित्रे काही दिवस त्या डब्यात शिल्लक राहतात, हे मुलाला ठाऊक होते. पण तेवढे दिवस केव्हाच उलटून गेले होते.

संगणक कक्षात शिकवणारे आम्ही प्रथम हसलो. मग मात्र हसू टिकले नाही. त्या गृहस्थांचे चुकले तरी काय? झाकण असलेली वस्तू साठवण्यासाठी असते, हा त्यांचा तर्क त्यांच्या घरात, त्यांच्या गावात अगदी बरोबर होता. आपल्या खेड्यांत केर उकिरड्यावर जातो; त्याला झाकण नसते आणि रेघाही नसतात.

मग हे चित्र कोणाचे? ते अमेरिकेतील कचेरीचे आहे. 1981 साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, तेव्हा कारकुनाचे टेबलच पडद्यावर मांडले : कागद, फाइल, टपालाची पेटी. 1984 साली अॅपलच्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर या चित्रकर्तीने चिन्हे काढली. प्रत्येक चिन्हास जागा आडवे 32 आणि उभे 32 ठिपके, आणि रंग दोनच, काळा व पांढरा. त्या 1024 ठिपक्यांत तिने जे साधले, त्याला आजही तोड नाही. तिच्या पुढ्यातील माणसास केराचा डबा ओळखू येत होता. दोष तिचा नव्हे. तेच टेबल, तोच डबा आपण जसाच्या तसा उचलून कपाशीच्या शेतात आणून ठेवला, हा दोष आपला आहे.

न वाचता येणाऱ्या माणसाला चित्रावरून निवड करता यावी, हा प्रश्न या देशाने संगणकाच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. राजकारण क्षणभर बाजूस ठेवून निव्वळ चित्र म्हणून त्याकडे पाहावे. हत्तीची बाजूने दिसणारी आकृती काळ्या शाईने भरून टाका, डोळा पुसा, कान पुसा. तरी सोंड आणि पाठ सांगते की हा हत्तीच. दुसऱ्या कोणत्याही जनावराशी त्याची गल्लत होत नाही. चांगल्या चिन्हाची याहून कठोर परीक्षा आम्हांस माहीत नाही. आज मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिन्ह सात सेकंद दिसते, तेही रंगाविना.

या परीक्षेत चिन्ह नापास झाले तर काय होते, याचा दाखला ताजा आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात एका प्रमुख उमेदवाराचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते. त्याच यंत्रावर एका अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट होते आणि मराठीत त्याचे नाव लिहिले होते 'तुतारी'. अपक्षास 37,062 मते पडली. विजयी आणि पराभूत उमेदवारांतील अंतर 32,771 होते. यांतील किती मते चुकून गेली, हे सिद्ध करता येणार नाही आणि तो आमचा विषयही नव्हे. आम्हांस दिसते ते एवढेच की दोन चित्रांत गोंधळ होता आणि त्यावर शब्दाने कडी केली. चित्राखालचा शब्द सोय करतो, तसाच घातही करतो.

या सर्वांतून आम्ही संगणक कक्षात एक उद्योग सुरू केला. संगणक बंद ठेवायचे आणि गणिताची चौकटीची वही घ्यायची. 32 घरे आडवी, 32 उभी. पेन्सिलीने घर भरायचे किंवा रिकामे ठेवायचे. मग वही भिंतीशी उभी करून दहा पावलांवरून पाहायची. पहिल्याच दिवशी एका मुलाने चक्र काढले, चोवीस आऱ्यांचे, मोठ्या निष्ठेने. दहा पावलांवरून तो काळा डाग दिसला. त्याने आठ आरे काढले आणि चक्र फिरू लागले. (राष्ट्रध्वजावरील चक्राचे आरे ठरलेले आहेत, त्यांना हात लावता येत नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागले.) राजूर घाट चढून, बुलढाण्यामार्गे अजिंठ्याची सहल गेली, तेव्हा हीच मुले दहाव्या लेण्यातील स्तूपापुढे बराच वेळ उभी होती. तेथे मूर्ती नाही. केवळ एक गोल उठाव. बुद्धाची आकृती न काढता स्तूप, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा यांवर शतकानुशतके काम भागले. कारण पाहणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ आधीच वसत होता.

ओळखीच्या वस्तूही दगा देतात. शेतीसाठी काढलेला नांगर धाकट्या वर्गास ओळखू आला नाही. त्यांनी ट्रॅक्टरच पाहिला आहे. ट्रॅक्टर काढला, तर लहान आकारात तो ट्रकसारखा दिसू लागला. 'जतन करा' यासाठी मात्र एका मुलीने वसतिगृहातील पत्र्याची पेटी काढली, कुलपासह, आणि सारा वर्ग एका आवाजात "पेटी!" म्हणाला. फ्लॉपी नावाची चौकोनी चकती त्यांच्यापैकी कोणीही हातात धरलेली नाही.

यावर आक्षेप येतो की लोक शिकतात; व्हॉट्सअॅपवरचा फोनचा रिसीव्हर हल्लीच्या पोरांनी कोठे पाहिला आहे? हे खरे आहे. रोज पाहिलेले चिन्ह अंगवळणी पडते. परंतु शिकण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतो. शहरातील तरुण दोन-चार वेळा चुकून शिकतो आणि त्याचे काही जात नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. पैसे, दाखले, शिष्यवृत्ती सारे त्याच पडद्यावर आले आहे. तेथे एक चुकीचे बोट म्हणजे एक हंगाम. शिवाय आमच्या उन्हात, मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांनी, राखाडीवर फिकट राखाडी रेघ पाहायची असते. लाल-हिरव्यातील फरक काही पुरुषांना जन्मतःच दिसत नाही. 'हो' आणि 'नको' यांत केवळ रंगाचाच भेद ठेवणारा त्यांना विसरलेला असतो.

आपले कित्येक माजी विद्यार्थी आज पुण्यात, हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत आहेत. त्यांच्याजवळ आमचे थेट मागणे आहे. चित्राखाली मराठी शब्द लिहा, आणि तो गावात बोलला जाणारा लिहा. पुसणारे चिन्ह आणि साठवणारे चिन्ह शेजारी ठेवू नका. पडद्यावरचे चित्र ठरवण्यापूर्वी ते आपल्या आईला दाखवा. ती काय ओळखते ते ऐका आणि मध्ये बोलू नका. नांगरही धरलेला आणि कीबोर्डही बडवलेला माणूस त्या खोलीत बहुधा तुम्ही एकटेच असाल.

मागील पालक सभेस मुलांची बारा चित्रे आम्ही भिंतीवर लावली, एकही शब्द न लिहिता. पेटी सर्वांनी ओळखली. 'पुसून टाका' यासाठी मुलांनी केरसुणी काढली होती. एका आजीबाईंना नातीने विचारले, "हे दाबलं तं काय होईन?"

"साफ होईन," आजी म्हणाल्या. मग चित्राकडे पुन्हा पाहून त्यांनी विचारले, "पन कोनाचं आंगन, ते तं सांग."

नात वही घेऊन परत बाकावर जाऊन बसली.