जात्यावरची दुसरी बाई

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण आजही म्हणतो. जातं मात्र परसदारी पालथं पडलं आहे आणि ओवी येणाऱ्या बहुतेक जणी आता सत्तरीपुढच्या आहेत. त्यांच्याबरोबर बाईच्या मनाचं एक हक्काचं ठिकाणही चाललं आहे.

पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीने वैरण घालत ओवी उचलायची, दुसरीने ती झेलायची. सासरचा जाच, न्यायला न आलेला भाऊ, हातचं गेलेलं लेकरू, जे दिवसाउजेडी बोलायची चोरी होती ते जात्याच्या घरघरीत मोकळं व्हायचं. लग्नात जिचं नावसुद्धा बदललं, ती ओवीत माहेरच्या गावाचं नाव घेऊन पुन्हा स्वतःची व्हायची. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी तर बाबासाहेबांनाच ओवीत आणलं. आपण कोण आहोत, हे ताठ मानेनं सांगायला त्यांना दुसरं व्यासपीठ कुणी दिलं होतं?

गिरणी आली आणि बाईच्या खांद्याचे हाल थांबले, हे चांगलंच झालं. त्या कष्टांचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण दळण थांबलं, तेव्हा बोलणंही थांबलं आणि त्याची भरपाई कुणीच केली नाही. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांचं हे ऋण फार मोठं आहे. तरीही संग्रहात ओवी राहते. ती झेलणारी समोरची बाई राहत नाही.

ही हळहळ जुन्या कलेपुरती असती, तर अग्रलेखाचं कारण नव्हतं. 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 माणसांनी आत्महत्या केल्या. देशातला हा सर्वांत मोठा आकडा. त्यातल्या कित्येक घरांत मागे राहिलेली बाई आज कर्ज, शेत आणि पोरं एकटीनं ओढते आहे. तिनं उपचारांना जायचं, तर राज्याची पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार जुनी मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे, तो गावोगावी भिंतीवर लिहिला गेलाच पाहिजे. पण फोन लावून ती बोलेल काय? दवाखान्यात ती सांगते, अंग दुखतं, डोकं जड होतं, झोप नाही. मग सलाईन लागतं, गोळ्या मिळतात आणि ती घरी येते. दुःख आहे हे म्हणायची सवयच मोडली आहे.

गाण्यानं नैराश्याचा आजार बरा होतो, असं आम्ही म्हणत नाही. त्याला डॉक्टरच हवा, औषध हवं. पण डॉक्टरपर्यंत जायच्या आधी मनातल्याला शब्द लागतात आणि तो शब्द ऐकणारं माणूस लागतं. ओवीनं दोन्ही दिलं होतं.

आज जातं बाहेर निघतं ते हळदीला. त्याला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी ते फिरवतात, गाणं मोबाइलवर लागतं. जिचा नवरा गेला, ती मागे, उंबऱ्याआड उभी. जिला त्या खुंट्याची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच तिथं हात लावायची बंदी! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानं त्याचं परिपत्रक काढलं. ते आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहे का, हे प्रत्येक सरपंचानं पाहावं.

आणि बचत गटांनी वाट पाहू नये. या महिन्याच्या बैठकीत हप्ते मोजून झाले, वही मिटली, की आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनाही थांबवून घ्यावं. गावातल्या सर्वांत वयस्क आजीला मध्ये बसवावं आणि एक ओवी म्हणायला सांगावं. समोर, ती झेलायला, उंबऱ्याआडच्या त्या बाईला बोलवावं.