मंडळीच्या वह्या

बारामतीचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात मोरोपंतांपासून होते. कऱ्हेकाठी आर्या रचणारा कवी, बाबूजी नाईकांचा आश्रय, मग एकदम नीरेचा डावा कालवा, ऊस, साखर कारखाने आणि तिथून थेट राजकारण. इंदापूरचेही तसेच. मालोजीराजे तिथल्या लढाईत पडले, त्यानंतरच्या तीन शतकांबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि शेवटी वालचंदनगर व उजनीचे पाणी येते. या दोन्ही कथांत रविवारी सकाळी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक काखेत मारून देवळाकडे निघणारी ख्रिस्ती माणसे कुठेच भेटत नाहीत. ती या मातीत दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत. त्यांनी इथल्या विहिरी खोदल्या, ऊस तोडला, शाळा चालवल्या, दवाखान्यांत रात्री जागवल्या. तरीही त्यांचा उल्लेख आला तर ‘मिशनची माणसे’ एवढ्यावर आटोपतो.

त्यांचा इतिहास लिहिलेला नाही असे मात्र नाही. तो मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्यांत आहे: बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या सभांचे इतिवृत्त, दानाचा हिशेब. कोणाचे बाळ अर्पण झाले, कोणाच्या घरी प्रार्थना झाली, देवळाच्या पत्र्याला किती खर्च आला, असल्या बातम्या त्यांत असतात. बाहेरच्याला त्या किरकोळ वाटतील. मला त्या या दोन तालुक्यांच्या सामाजिक इतिहासातला फार मोलाचा ऐवज वाटतात.

इथल्या गरिबाचे नाव पूर्वी कोणत्या वहीत चढत असे, ते आठवून पाहावे. पहिली वही सावकाराची. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि खतपत्रे, चोपड्या जाळल्या. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले हे गाव. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे प्रकरण जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाले ते इथून पेटले. लोकांचा राग जितका सावकारावर होता तितकाच कागदावर होता, कारण त्या कागदावर आपले नाव आपल्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेले असे. आणि सावकाराच्या वहीत नाव यायलाही बहुधा नावावर जमीन लागे. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या बहुतेकांना तेवढीही नोंद नव्हती. कोतवाल-बुकात जन्म-मृत्यू चढत, तेही बापाचे नाव आणि जात लावून. त्या जुन्या बुकांना आज किती किंमत आली आहे ते सगळ्यांनी पाहिले: २०२३पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभरच्या कचेऱ्यांत ती पानापानाने धुंडाळली गेली.

इंदापूरला ख्रिस्ती काम रुजवले ते स्कॉटिश लोकांनी. जेम्स मिचेल हे स्कॉटिश मिशनरी १८३०च्या सुमारास पुण्यात आले. १८४३मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि मिशनरी बहुतेक ‘फ्री चर्च’ म्हणून वेगळ्या झालेल्या बाजूकडे गेले. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या देशस्थ ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण मराठी वाचकाला माहीत असते. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि केवढा गदारोळ झाला. पुढे नारायण शेषाद्रींनी इंदापूर आणि जालना भागात काम केले, आणि तेही मुख्यतः मांग समाजात. जालन्याजवळचे ‘बेथेल’ हे गाव त्यांनी वसवले.

आपण इतिहास कसा लक्षात ठेवतो ते इथे दिसते. श्रीपतीच्या प्रायश्चित्ताचे तपशील पुस्तकांत आहेत. त्याच्या भावाचे ऐकून इंदापूरच्या मांगवाड्यातून जी माणसे पुढे आली, त्यांची नावे मात्र किती जणांना सांगता येतील? पुण्याच्या अँग्लिकनांचेही, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या लोकांचेही, तेच झाले. लष्करातल्या सेंट मेरीज चर्चचे समर्पण १८२५मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाले. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन उभे राहिले, वाँटेजच्या सिस्टरांनी शाळा आणि आश्रम चालवले. पण महाराष्ट्राला पंचहौद आठवतो तो १८९०च्या चहामुळे. टिळक-रानडे तिथे चहा प्याले, गोपाळराव जोशांनी नावे छापली आणि जातबहिष्काराचे ग्रामण्य माजले. पाहुण्यांची यादी आपण जपली. यजमानांच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या कोण आले, कोणाचे लग्न लागले, कोणाला मूठमाती दिली, याची चौकशी मात्र केली नाही.

अँग्लिकन पद्धतीची बाप्तिस्म्याची वही ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी तिचे रकाने सांगतो. बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, बाळाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, आणि शेवटी बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. ज्या काळात आपल्याकडे मुलीच्या जन्माची फारशी कोणी दखल घेत नसे, त्या काळात मुलीची जन्मतारीख आणि तिच्या आईचे नाव एका ओळीत लिहिले जात होते. धंद्याच्या रकान्यात पिढ्या पुढे सरकताना दिसतात: एका पानावर आजोबा मजूर, वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या पानावर मुलगा मास्तर, आणखी पुढे नात नर्स. असा रकान्या-रकान्यातून चढत जाणारा इतिहास कोणत्याही गॅझेटियरात मिळणार नाही.

इंग्रजांनी या वह्यांचे मोल ओळखले होते, पण ते स्वतःच्या माणसांपुरते. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधील बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला लंडनला जात, आणि त्या आजही ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. पुण्याच्या छावणीत वारलेल्या गोऱ्या शिपायाचा पणतू तिथे जाऊन आपला पणजोबा शोधू शकतो. त्या नकलांत भर आहे तो युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचा. खेड्यातल्या देशी मंडळीची वही मंडळीच्याच कपाटात राहिली. तिची दुसरी प्रत बहुधा नाही.

आता बारामती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी इथे आले; स्ट्रटन दांपत्याचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. हे लोक अँग्लिकन नव्हेत. त्यांच्यात बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल मोठे व्हायचे, त्याला समजायला लागायचे, आणि त्याने स्वतः चार माणसांपुढे विश्वास कबूल करून पाण्यात उतरायचे, तेव्हा तो बाप्तिस्मा. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, ही त्यांची ठाम शिकवण.

याच मिशनकडे सरकारने बारामतीची सेटलमेंट चालवायला दिली. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात जोराने राबवला गेला. काही जमाती सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना वसाहतींत आणून ठेवले, हजेरी लावली, परवान्याशिवाय बाहेर पडायला बंदी केली. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभाही कायद्यात होती. सोलापूरला ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही वस्तीचे नाव म्हणून चालतो. बारामतीची वसाहत त्या साखळीतली, आणि तिची व्यवस्था मिशनरी पाहत.

मला यापुढे हलता येत नाही. एकाच मिशनच्या हाताखाली दोन वह्या होत्या. हजेरीच्या वहीत माणूस आईच्या पोटातूनच गुन्हेगार. बाप्तिस्म्याच्या वहीत तोच माणूस जन्माने कोणीच नाही. जे काही आहे ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले. पहिल्या वहीत नाव घालताना त्याला विचारले जात नसे आणि दुसऱ्या वहीत विचारल्याशिवाय घालता येत नसे. मिशनऱ्यांना यातली विसंगती बोचली की नाही, ती त्यांनी स्वतःशी कशी मिटवली, हा प्रश्न कठोरपणे विचारायला हवा. वसाहतीत शाळा, औषधपाणी, कामधंद्याचे शिक्षण आले हे खरे, पण सरकारच्या वतीने हजेरी त्यांनीच घेतली हेही तितकेच खरे. मिशनचा गौरव करणाऱ्यांनी पहिली वही लपवू नये आणि मिशनला शिव्या देणाऱ्यांनी दुसरी विसरू नये. १९५२पर्यंत तो कायदा देशभरातून गेला आणि हजेरी संपली. मंडळीची वही त्यानंतरही चालू राहिली.

स्वातंत्र्यानंतर वहीला नवे ओझे आले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजवर नाहीत. शेजारच्या घरात तीच गरिबी, तेच आडनाव, तोच गावकुसाबाहेरचा इतिहास. पण आपल्या बाळाचे नाव चर्चच्या वहीत चढले की शाळेच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत सगळे बदलते, हे आईबापांना कळत होते. म्हणून काही घरांनी वही टाळली असेल तर त्यांना दोष देणारे आपण कोण? आणि म्हणूनच या वह्या उद्या कोणी चव्हाट्यावर मांडू नयेत. त्या जपायच्या त्या मंडळीच्या संमतीने आणि मंडळीच्या ताब्यात.

चर्चांची एक नोंद या वह्यांबाहेरचीही आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या जिरायत पट्ट्यात दुष्काळाने माणसे हवालदिल झाली. कालव्याच्या पाण्याने उसाचा बागायत पट्टा हिरवा केला होता. कालवा जिथे पोचत नव्हता त्या गावांत प्यायलाही पाणी नव्हते. तेव्हा ‘कासा’, म्हणजे भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची फाळणीच्या वेळी उभी राहिलेली मदत संस्था, पुढे आली. तरुण आमदार शरद पवार यांच्या पुढाकाराने कामाच्या बदल्यात धान्य या तत्त्वावर पाझर तलाव बांधायचे ठरले. तांदूळवाडीचा तलाव त्यातला अगदी सुरुवातीचा. मजुरी म्हणून गहू आणि तेल मिळे. याच कामातून १९७१मध्ये बारामतीचे कृषी विकास प्रतिष्ठान आकाराला आले. रोजगार हमी योजना राज्यात येण्याआधीची ही गोष्ट. बारामतीच्या विकासाच्या भाषणांत चर्चांच्या या गव्हाचा उल्लेख यायला हवा. तो उपकार म्हणून नको, हिशेबातली एक जमा म्हणून यावा.

त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. मुंबईला १८३७पासून बिशप असलेले अँग्लिकन, ज्या घराण्याने इंदापुरात काम केले ते प्रेस्बिटेरियन, शिवाय मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, अशी सहा चर्चे एक झाली. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठ्याचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. कागदावर एकी झाली. जुन्या मिशनांचे दप्तर मात्र काही एडिंबराला गेले, काही ऑस्ट्रेलियाला, काही मुंबई-पुण्याला आणि काही जिथल्या तिथे राहिले. आज पंचहौदचे पवित्र नाम देवालय हे पुणे धर्मप्रांताचे मुख्य मंदिर आहे, तिथे जागा आहे आणि जाणकारही आहेत. मग खेड्यातल्या मंडळ्यांच्या वह्यांची एक प्रत तिथे का असू नये?

कापणीच्या सणाच्या दिवशी कोणत्याही ग्रामीण मंडळीत जाऊन पाहावे. वेदीसमोर ज्वारीची कणसे, उसाची मोळी, भोपळे, मेथीच्या जुड्या, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी, कोणी शिवून आणलेली गोधडी. उपासना संपली की लिलाव. एक नारळ पाच वेळा विकला जातो, कारण घेणारा तो परत दान करतो. कमिटीतला कोणी चौकटीच्या वहीत लिहीत बसतो: अमुक बाई, कोंबडी, इतके रुपये. त्या पानावर त्या सालचा पाऊस असतो, भाव असतात, कोणाकडे शेत आहे आणि कोणाकडे नुसती कोंबडी हे असते. जिने कोंबडी आणली तिचे नाव जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर खातेदार म्हणून नसेल. इथे मात्र ती देणारी आहे.

सण झाला की ती वही कपाटात जाते. कपाटाला वाळवी लागते, पत्रा गळतो, पाळकांची बदली होते, किल्ली हरवते. उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावठाणे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. कागद मात्र पाण्यातून वर येत नाही.

म्हणून बारामती-इंदापूरच्या पाळकांना, पास्टरेट कमिट्यांना आणि महिला मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. कपाट उघडा. वह्या उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा. मोबाइलवर का होईना, पान न पान टिपून घ्या आणि एक प्रत पुण्याला द्या. ज्या आजीला अजून चार पिढ्यांची नावे पाठ आहेत तिच्यापाशी नातीला वही घेऊन बसवा. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातल्या आणि इंदापूरच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या कामाला हात लावावा, पण मंडळीला विचारून आणि तिच्यासोबत बसून. मृगाचा पाऊस लागायच्या आत हे व्हावे.