चॉकीगृहाची उबदार जमीन : आधी आराखडा, मग काँक्रीट

बीड जिल्ह्यात कपाशी व सोयाबीनच्या जोडीला तुतीची लागवड व रेशीम कीटकसंगोपन आता चांगलेच रुजले आहे. तथापि मार्गशीर्ष-पौषातील थंड रात्री अनेकांचे पीक बिघडवितात. अंड्यांतून निघालेल्या अळ्यांच्या पहिल्या दोन अवस्था, म्हणजेच चॉकीचा काळ, २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णतामान व ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मागतात. खोलीचा एक कोपरा उबदार व दुसरा गार राहिला की अळ्या एकाच वेळी कात टाकीत नाहीत. काही पाला मागत असतात तेव्हा काही निजलेल्या असतात, आणि पुढील सर्व व्यवस्था विस्कळीत होते.

यावर कोळशाची शेगडी हा जुना उपाय होय. परंतु बंद खोलीत शेगडीतून निघणारा विषारी वायू वासाने वा डोळ्याने कळत नाही. तो माणसाच्या जिवावर बेततो व अळीसही बाधतो. कोरियामध्ये चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन घर उबदार ठेवण्याची ‘ओंडोल’ नावाची प्राचीन पद्धत आहे. तेथेही फरशीच्या फटींतून झिरपलेल्या कोळशाच्या वायूने माणसे दगावली. पुढे धुराऐवजी गरम पाण्याच्या नळ्या फरशीखाली घालण्याची रीत रूढ झाली. ही सुधारित रीत आपल्या चॉकीगृहास उपयोगी पडण्यासारखी आहे. मात्र ती कोठे करावी व कोठे करू नये, याचा विवेक हवा.

जमिनीचा पृष्ठभाग खोलीतील हवेपेक्षा एक अंशाने अधिक उबदार असता दर चौरस मीटरमागे सुमारे १० वॉट उष्णता मिळते. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोलीची जमीन हवेपेक्षा ६ अंशांनी उबदार ठेविली तरी ७०० वॉटच मिळतील. ही उष्णता साध्या विजेच्या हीटरहून कमी आहे. म्हणून पत्र्याखाली छत घालणे, फटी बुजविणे व दारास जाड पडदा लावणे ही कामे आधी करावीत. बाजूंना जाळी व गोणपाट असलेले हजार चौरस फुटांचे मोठे संगोपनगृह जमिनीतून तापविणे म्हणजे पैसा वाऱ्यावर सोडणे होय. त्यास सुमारे ६२० मीटर नळी व सात वेटोळी लागतील. शिवाय मोठ्या अळ्यांना २४-२५ अंशच पुरतात. जमीन तापवावी ती लहान, बंदिस्त चॉकीगृहाचीच; आणि तेही शक्य तर अनेकांनी मिळून उभारलेल्या.

अशा खोलीत १५ सेंटीमीटर अंतराने नळी टाकल्यास ८० मीटर पुरते. एका वेटोळ्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी, म्हणजे पाणी शेवटपर्यंत ऊब राखून वाहते. नळी नागमोडी न टाकता जाणारी व परतणारी बाजू शेजारी-शेजारी राहील अशी गोल फिरवावी; त्यामुळे सर्व जमीन सारखी तापते. रॅकचे पाय जेथे रोवावयाचे तेथे नळी नको. नळीखाली थर्माकोलचा जाड थर द्यावा, अन्यथा निम्मी ऊब मातीत जाईल. काँक्रीटमध्ये सांधा मुळीच असू नये. नळी प्लास्टिकची असावी, कारण लोखंड गंजते व निर्जंतुकीकरणाची ब्लीचिंग पावडर त्यास अधिकच बाधते.

पाणी तापविणारा बंब खोलीबाहेर ठेवावा. वीज जाऊन पंप थांबला तरी वाफेचा दाब साचू नये म्हणून वरची टाकी उघडी असावी. नळीत जाणारे पाणी ४५ अंशांवर जाऊ देऊ नये.

काँक्रीट ओतण्यापूर्वी नळीत दाबाखाली पाणी भरून एक दिवसरात्र गळती पाहावी व भिंतीपासूनची मापे लिहून आराखडा जपून ठेवावा. ओतल्यावर २१ दिवस जमीन तापवू नये.

काँक्रीट सावकाश तापते व सावकाश निवते. बीडला दिवसा ऊन व रात्री गारठा असल्याने बंब तिसऱ्या प्रहरी पेटवून पहाटेपूर्वी विझवावा, नाहीतर दुपारी खोली अतिउष्ण होईल. उबेने हवा कोरडी पडते, म्हणून ओल्या फोमच्या पट्ट्या व पॅराफीन कागद विसरू नयेत.

काँक्रीटखाली गेलेली चूक पहारीशिवाय दुरुस्त होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास प्रथम कागद, पेन्सिल व टेप हाती घेण्यास सांगावे. गवंडी त्यानंतर बोलवावा.