क्लासचं रेकॉर्डिंग करू द्यायचं का? आधी 'फिश'ची पूर्ण गोष्ट ऐका



क्लास घेणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न आपल्या चॅनेलवर सारखा येतो. केक, मेकअप, ब्लाउज कटिंग, एक्सेल, शिकवायचा विषय कुठलाही असो, प्रश्न तोच: "सर, विद्यार्थी मोबाईलवर अख्खा क्लास शूट करतात आणि व्हॉट्सॲपवर फिरवतात. बंदी घालू का?"

याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, फोन बाहेर ठेवायला लावा. दुसरं जरा फॅशनेबल आहे: फिरू द्या हो, फुकट मार्केटिंग होतंय! आणि दुसरं उत्तर देणारा पुरावा म्हणून अमेरिकेतल्या जॅम बँडची गोष्ट हमखास सांगतो. "त्यांनी चाहत्यांना कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करू दिलं, कॉप्या वाटू दिल्या, बघा किती मोठे झाले."

गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. त्या अर्ध्या गोष्टीवर विसंबून कोणी आपला कोर्स फुकट वाटून बसला, तर त्याचं दुकान बंद होऊ शकतं. म्हणून आज ती पूर्ण सांगतो.

जॅम बँड म्हणजे काय, ते आधी बघू. गाणं ठरलेलं असतं, पण स्टेजवर ते कुठे जाईल ते ठरलेलं नसतं. चार मिनिटांचं गाणं कधी वीस मिनिटं चालतं, त्यातून दुसरं गाणं निघतं, मग पहिल्यावर परत येतात. आपल्याकडच्या मैफलीत तोच राग, तीच बंदिश, पण आज वेगळी रंगते आणि उद्या वेगळी, तसंच समजा. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे ग्रेटफुल डेड. त्यांचे चाहते कित्येक वर्षं माइक आणि टेपरेकॉर्डर घेऊन कार्यक्रमाला यायचे. होता होता उंच स्टँडवरच्या माइकचं असं रान झालं की मागच्यांना स्टेज दिसेना, साउंड सांभाळणाऱ्या माणसालाही अडचण व्हायला लागली. अशा वेळी आपण काय केलं असतं? बंदीचा बोर्ड लावला असता. त्यांनी 1984 साली मिक्सिंग डेस्कच्या मागे रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळी जागा काढली आणि तिचं वेगळं तिकीट ठेवलं. बाकीच्यांची अडचण गेली, रेकॉर्डिंगवाल्यांना हक्काची जागा मिळाली आणि बँडला कुठे कोण बसलंय ते कळायला लागलं.

फिश हा त्यांच्यानंतरच्या पिढीतला बँड, 1983 साली व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये सुरू झालेला, चौघांचा. त्यांनीही रेकॉर्डिंगला परवानगी दिली. नियम साधा होता: स्वतःसाठी करा, एकमेकांना द्या, पण विकायचं नाही. एक रुपयासुद्धा नाही. आपल्या भाषेत सांगतोय, त्यांच्याकडे डॉलर.

आता त्या खास रात्रींकडे येऊ. 1994 च्या हॅलोविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरला, फिशने एक कल्पना काढली. त्या दिवशी तिकडे लोक वेगवेगळे पोशाख घालून सोंगं घेतात. आपण संगीताचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याचा एक अख्खा गाजलेला अल्बम वाजवायचा! कुठला, ते चाहत्यांकडून टपालाने मतं मागवून ठरवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्या गावात त्यांनी बीटल्सचा 1968 चा 'व्हाइट अल्बम' वाजवला. पुढच्या वर्षी द हूचा 'क्वाड्रोफेनिया', 1996 ला अटलांटात टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट', 1998 ला लास वेगासमध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा 'लोडेड'. 

लास वेगासला दूरदूरहून चाहते आले. दोन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ पुढचा कार्यक्रम होता. बऱ्याच जणांनी विचार केला, मोठी रात्र तर झाली, आता घरी जाऊ. युटाचा हॉल भरलाच नाही. आणि त्याच रात्री फिशने कसलीही घोषणा न करता, 'हार्पुआ' हे स्वतःचं गाणं मध्येच थांबवून, पिंक फ्लॉइडचा 1973 चा 'द डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मग 'हार्पुआ' पूर्ण केलं. वेगासहून घरी गेलेल्यांची अवस्था काय झाली असेल, कल्पना करा.

पण हॉलमध्ये माइक लावून बसलेले चाहते होते. त्यांच्या टेपमुळे ती रात्र उरलेल्यांपर्यंत पोहोचली.

कशी पोहोचली ते ऐकण्यासारखं आहे. नव्या माणसाला टेप हवी असेल तर तो जुन्या माणसाला रिकाम्या कॅसेट आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा, समोरचा वेळ काढून भरून द्यायचा. पैसे घ्यायचे नाहीत हा अलिखित कायदा. (आपल्याकडेही तेव्हा कॅसेट भरून देणारी दुकानं होती, पण तो रोख धंदा होता!) कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी खरखर वाढते, म्हणून ही कितवी कॉपी आहे हे सांगणं बंधनकारकच होतं. पुढे डिजिटल टेप आल्या, मग फाइल आल्या, पण शिस्त तशीच राहिली. फाइलसोबत एक माहितीपत्रक असायचं. माइक कुठला, कुठल्या जागी उभा केला होता, त्यातून कशावर रेकॉर्ड झालं, कोणी गाणी वेगळी केली, सगळं त्यात. आवाजाची प्रत कमी करणारी एमपीथ्री फाइल पुढे पाठवली तर लोक रागवायचे. 

एवढं क्वालिटी कंट्रोल आपल्यातले किती जण पगारी माणसांकडून करून घेऊ शकतात, सांगा बरं.

इथेच बिझनेस गुरू म्हणतात, "बघा, फुकट मार्केटिंग टीम!" मला हे अजिबात पटत नाही. ती माणसं बँडचं मार्केटिंग करत नव्हती, त्यांना ती रात्र जपून ठेवायची होती. हा फरक न कळल्यामुळे काय होतं, ते 2005 साली दिसलं. ग्रेटफुल डेडचे हजारो कार्यक्रम तेव्हा इंटरनेट अर्काइव्हवर फुकट उतरवून घेता येत होते. बँडच्या बाजूने अचानक डाउनलोड बंद करायला लावलं गेलं. चाहते इतके चिडले की काही दिवसांत मागे यावं लागलं. शेवटी तडजोड झाली. प्रेक्षकांतून माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग पूर्वीसारखं उतरवून घ्या. थेट मिक्सिंग डेस्कवरून घेतलेलं, ते फक्त तिथेच ऐका, उतरवून घेता येणार नाही.

ही रेघ नीट बघा. चाहत्याच्या माइकमधून आलेलं त्याचं, आमच्या डेस्कवरून आलेलं आमचं. रेघ चांगलीच होती, फक्त वीस वर्षं उशिरा आखली म्हणून भांडण झालं.

फिशने हे जास्त शहाणपणाने हाताळलं असं माझं मत आहे. हॅलोविनच्या त्या चारही रात्री त्यांनी 2002 साली स्वतः अधिकृत सीडीवर काढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीपासून कार्यक्रमाचं स्वतःचं रेकॉर्डिंग वेबसाइटवर विकायला सुरुवात केली. चाहत्यांचे माइक मात्र बंद केले नाहीत. म्हणजे फुकट टेप हातात असलेल्या माणसाला त्यांनी पैसे देऊन घेण्यासारखी वस्तू दिली, डेस्कवरचा स्वच्छ आवाज. काही लोक ती घेतात आणि शिवाय हॉलमधला गलका ऐकायला मित्राची टेपही ठेवतात. 

अजून एक बारकावा, जो कोणीच सांगत नाही. 'डार्क साइड'ची गाणी फिशची नव्हतीच. फिश आपल्या वादनाच्या रेकॉर्डिंगला परवानगी देऊ शकतो, पिंक फ्लॉइडच्या गाण्यांचा हक्क तो कोणाला कसा देणार? म्हणून 'विकायचं नाही' हा नियम नुसता मनाचा मोठेपणा नव्हता. कोणी त्या टेप विकायला बसला असता, तर भलत्याच माणसाच्या मालावर धंदा झाला असता. आपल्या बिझनेस अकाउंटवर फिल्मी गाणं लावून जाहिरातीचं रील टाकणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

आता तुमच्या क्लासवर येतो.

फिश फुकट दिल्यामुळे मोठा झाला, असं मी म्हणणार नाही. फुकट दिलं तरी त्यांचा माल संपत नव्हता, म्हणून त्यांना ते परवडलं. आज युटाची टेप ऐकलेला माणूस "झालं, फिश ऐकून झाला" म्हणत नाही. तो म्हणतो, "मी नव्हतो तिथे, पुढच्या वेळी चुकवायचं नाही." टेपने तहान भागत नाही, वाढते. तुमच्या क्लासचा व्हिडिओ बघितलेल्या माणसाला काय वाटेल? तीच रेसिपी, तेच प्रमाण, तेच विनोद, सगळ्या बॅचना सारखे असतील, तर त्याची तहान भागली. तो येणार नाही. तिथे फोन बाहेर ठेवायला लावण्यात काहीही कमीपणा नाही. आणि ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांचं तर रेकॉर्डिंग हाच माल आहे. तो फिरला तर तुमचं गोदामच उघडं पडलं, त्याला मार्केटिंग म्हणू नका.

पण समजा तुम्ही आयसिंग शिकवताना प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून हात धरता, नोझलवरचा दाब किती ते तिच्याच हाताला कळेपर्यंत सोडत नाही. ब्लाउज कटिंगमध्ये जी ताई जे कापड आणेल त्यावर शिकवता. मग करू दे की शूटिंग! व्हिडिओत तुमचा हात येत नाही. उलट डेडसारखी मागच्या बाजूला ट्रायपॉडची एक जागा द्या, म्हणजे बाकीच्यांच्या डोळ्यासमोर फोन नाचणार नाहीत. नियम पहिल्या दिवशी, पैसे घेण्याआधी सांगा: स्वतःसाठी शूट करा, मैत्रिणीला दाखवा, विकायचं नाही, स्वतःच्या चॅनेलवर टाकायचं नाही, नोट्सचा फोटो काढायचा नाही. नोट्स तुमच्या डेस्कवरच्या आहेत.

तिसऱ्या बॅचला येऊन अचानक नियम बदलू नका.

कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुम्ही काय शिकवता किंवा विकता, आणि त्यातली कुठली गोष्ट दर वेळी वेगळी असते. "काहीच नाही" हे उत्तर असेल तर तेही लिहा, लाजू नका. त्यातले चार-पाच व्यवसाय घेऊन पुढच्या व्हिडिओत प्रत्येकाची रेघ कुठे आखायची ते बघू.